मुंबईची उपनगरी रेल्वे

मुंबईची उपनगरी रेल्वे : बृहन्मुंबई आणि तिच्या सभोवतालच्या ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील वस्त्यांना महानगराशी जोडणारी, विजेवर चालणारी प्रवासी रेल्वेव्यवस्था. लोकव्यवहारात तिच्या गाड्यांना ‘लोकल’ म्हणतात. मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे या भारतीय रेल्वेच्या दोन स्वतंत्र विभागांमार्फत ती चालविली जाते. तिच्या मार्गांची एकूण लांबी सु. ३९० किमी. आहे. पश्चिम रेल्वेचा मार्ग चर्चगेटपासून विरारमार्गे डहाणू रोडपर्यंत जातो. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघून कल्याण येथे दुभंगतो. त्याची एक शाखा कसाऱ्याकडे व दुसरी कर्जत–खोपोलीकडे जाते. यांखेरीज बंदर मार्ग (हार्बर), ठाण्याहून नवी मुंबईत उतरणारा मार्ग आणि उरणचा मार्ग हे मध्य रेल्वेच्या अखत्यारीत येतात. २०२० पूर्वीच्या काही वर्षांत या व्यवस्थेतून दररोज ७५ लाखांहून अधिक प्रवासी प्रवास करीत. भारतीय रेल्वेच्या एकूण प्रवासीसंख्येपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा या एवढ्याशा मार्गावर मोजला जाई. तिच्या इतिहासात एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन:पुन्हा पुढे आलेला दिसतो : शहराची वाढ आणि रेल्वेची वाहनक्षमता यांचा मेळ कसा बसवावयाचा.

आरंभ : १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. चौदा डब्यांच्या या गाडीत सु. ४०० निमंत्रित होते व तिला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन एंजिने जोडलेली होती. हे अंतर सु. ३४ किमी. होते. मुंबईत रेल्वे यावी म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते. १८५४ मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे बोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळ घाटातील मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. कंपनीचे लक्ष्य दख्खनच्या पठारावरील कापूस व इतर माल बंदरावर आणणे हे होते. शहराभोवतालच्या लोकांनी रोज कामावर ये-जा करावी, हा हेतू त्यामागे नव्हता. त्यामुळे मार्गांची आखणी बंदर व घाट यांच्या सोयीने झाली आणि पुढील काळात उपनगरी वाहतुकीला मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्या यांच्याबरोबर तेच रूळ वाटून घ्यावे लागले.

दुसरी कंपनी, बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, गुजरातकडून दक्षिणेकडे आली आणि १८६४ मध्ये तिचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पूर्ण झाला. १८६७ च्या एप्रिलमध्ये या कंपनीने विरार ते बॅक बे अशी रोज एक गाडी जाण्यासाठी व एक येण्यासाठी सुरू केली. मुंबईच्या उपनगरी सेवेचा हा प्रारंभ मानला जातो. मार्ग पुढे कुलाब्यापर्यंत नेण्यात आला. परंतु १९३० मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल हे स्थानक बांधून झाल्यावर त्याच वर्षाअखेर चर्चगेट–कुलाबा हा तुकडा बंद करण्यात आला आणि चर्चगेट हे पश्चिमेकडील उपनगरी गाड्यांचे अखेरचे स्थानक ठरले. पूर्वेकडे बोरीबंदरच्या जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. २००४ मध्ये यूनेस्कोने तिचा जागतिक वारशांच्या यादीत समावेश केला. १९९६ मध्ये स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस असे झाले व २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द घालण्यात आला.

दोन कंपन्यांचे मार्ग दादर येथे एकमेकांजवळून जातात, तथापि त्यांची शहरातील अखेरची स्थानके, कारखाने, यार्ड व वेळापत्रके पहिल्यापासून वेगळी राहिली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम या दोन रेल्वे अस्तित्वात आल्यावरही हा दुभंग कायम राहिला. आजही एकाच पासावर दोन्ही मार्गांनी प्रवास करता येत असला, तरी गाड्या सोडण्याचा निर्णय दोन निरनिराळ्या प्रशासनांत होतो.

विद्युतीकरण : मुंबई बंदराच्या गोद्यांलगतचा बंदर मार्ग प्रथम १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड असा सुरू झाला व १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसला जोडला गेला. याच मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेवर चालणारी गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्‌घाटन केले. पश्चिमेकडे १९२८ च्या जानेवारीत बोरीवलीपर्यंत व १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झाले. यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह योजण्यात आला. उपनगरी गाडीला दर दोन-तीन किमी. वर थांबावे लागते. वाफेच्या एंजिनाला थांबलेल्या स्थितीतून वेग घेण्यास वेळ लागतो व अखेरच्या स्थानकावर एंजिन काढून दुसऱ्या टोकास लावावे लागते. विजेच्या गाडीत चालकाची खोली दोन्ही टोकांस असते आणि चलित्रे गाडीतच अनेक डब्यांखाली विभागलेली असतात. त्यामुळे ती त्वरित वेग घेते व अल्पावधीत परत फिरते. त्याच रुळांवरून कितीतरी अधिक फेऱ्या शक्य झाल्या, त्या याच गुणामुळे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे डबे सु. ३·६६ मी. रुंद असून ते भारतीय रेल्वेच्या सामान्य प्रवासी डब्यांहून रुंद आहेत.

विद्युतीकरणाने शहराचा नकाशाही बदलला. गिरणगाव व गिरगाव येथील दाट वस्तीतून मध्यमवर्ग प्रथम दादर–माटुंग्याकडे व नंतर पार्ले, बोरीवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशा क्रमाने उत्तरेस सरकला. कार्यालये मात्र किल्ल्याच्या परिसरातच राहिली. १९६० नंतर नरिमन पॉइंट येथे समुद्र हटवून उभारलेल्या कार्यालयांमुळे हा कल आणखी वाढला. परिणामी सकाळी सर्व प्रवासी दक्षिणेकडे व संध्याकाळी सर्व उत्तरेकडे, असा एकतर्फी ओघ निर्माण झाला. गाडी एका दिशेने खचाखच भरून गेली, तरी परतीच्या फेरीत तिची क्षमता बव्हंशी वाया जाते. घर व कचेरी यांतील हे अंतर एका खास व्यवसायालाही पोषक ठरले : घरचे जेवण कामाच्या ठिकाणी पोहोचविणारे डबेवाले लोकलच्या सामानाच्या डब्यावरच विसंबून असतात.

लोकसंख्या व क्षमता : बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सु. ३० लाख, १९७१ मध्ये सु. ६० लाख, १९९१ मध्ये सु. ९९ लाख व २०११ मध्ये सु. १२४ लाख होती. यांतही १९८१ ते २०११ या काळात मूळ मुंबई बेटावरील वस्ती किंचित घटली. वाढ झाली ती उपनगरांत आणि महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे ज्यांचा प्रवास लांबचा त्यांच्यात. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांचा पायी जाण्याजोगा रोजगारही नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चार दशकांत उपनगरी प्रवासी सु. सहापटींनी वाढले, तर वाहनक्षमता सव्वादोन पटींच्या आसपासच वाढली. या दोन आकड्यांतील तफावत म्हणजेच गर्दी होय. सु. १,७०० प्रवाशांसाठी आखलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी ४,५०० हून अधिक प्रवासी असत. उभ्या प्रवाशांचे प्रमाण दर चौ. मी. ला चौदा ते सोळा इतके होई आणि त्यासाठी रेल्वेच्या परिभाषेत एक वेगळी संज्ञाच रूढ झाली.

क्षमता वाढविण्याचे मार्ग तीन : गाड्या लांब करणे, त्या अधिक वारंवार सोडणे व नवे रूळ टाकणे. नऊऐवजी बारा डबे केल्यास क्षमता एकतृतीयांशाने व बाराऐवजी पंधरा केल्यास एकचतुर्थांशाने वाढते. परंतु प्रत्येक वाढीसाठी फलाट लांबवावे लागतात, संकेतस्तंभ सरकवावे लागतात आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागा नव्याने आखाव्या लागतात. पंधरा डब्यांची गाडी पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये व मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये सुरू झाली; मात्र वरील कारणास्तव ती दीर्घकाळ मोजक्याच फेऱ्यांपुरती राहिली. वारंवारतेची मर्यादा संकेतयोजनेतून येते. दोन गाड्यांत तीन मिनिटांचे अंतर धरल्यास एका रुळावरून तासाला फार तर वीस गाड्या जाऊ शकतात. एखादी गाडी स्थानकात नेमल्या वेळेपेक्षा अर्धे मिनिट अधिक थांबली, तरी तिच्यामागील गाड्यांची रांग खोळंबते. तिसरा उपाय सर्वांत परिणामकारक असला, तरी रुळांच्या दोन्ही बाजूंस वस्ती भिडलेली असल्याने तो सर्वांत दुष्करही आहे.

विजेच्या प्रणालीचीही मर्यादा होती. कमी दाबाच्या एकदिश प्रवाहावर लांब व वारंवार गाड्या चालविण्यास फार मोठा विद्युत् प्रवाह लागतो व उपकेंद्रे जवळजवळ उभारावी लागतात. म्हणून २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारण्यात आला. चालू वाहतूक न थांबवता हे परिवर्तन करावयाचे असल्याने दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आधी आणाव्या लागल्या आणि जुने, कमी उंचीचे पूल उचलावे वा पाडावे लागले. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये व मध्य रेल्वेच्या बंदर मार्गावर सर्वांत शेवटी २०१६ मध्ये पूर्ण झाले.

नवे मार्ग व महामंडळ : नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले, तथापि ठाणे खाडीवरील पूल पूर्ण होऊन मानखुर्द–वाशी रेल्वे सुरू होण्यास १९९२ साल उजाडले. या मार्गाच्या खर्चाचा दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला. नवीन शहरातील जमिनीचे मूल्य रेल्वेमुळे वाढते, तेव्हा त्या वाढीतूनच रेल्वेचा खर्च भागवावा, हे तत्त्व येथे वापरले गेले. मार्ग १९९८ मध्ये पनवेलपर्यंत पोहोचला. ठाण्याहून नवी मुंबईचा मार्ग २००४ मध्ये, विरार–डहाणू उपनगरी सेवा २०१३ मध्ये, खारकोपरपर्यंतचा मार्ग २०१८ मध्ये व तेथून उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

रेल्वेच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून मुंबईच्या गरजा भागत नाहीत, असे दिसून आल्यावर १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापण्यात आले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के व महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प हे त्याचे मुख्य कार्य असून त्यास जागतिक बँकेचे कर्जसाहाय्य मिळाले. पहिल्या टप्प्यात बोरीवली–विरार चौपदरीकरण व अधिक हवेशीर नव्या गाड्या ही प्रमुख कामे झाली. या गाड्या २००७ पासून धावू लागल्या. पुढील टप्प्यांतील ठाणे–दिवा पाचवा व सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाला. २०१६ मध्ये सु. १०,९०० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यास व २०१९ मध्ये सु. ३३,७०० कोटींच्या त्यापुढील भागास केंद्र शासनाने मान्यता दिली. गाड्यांतील अंतर कमी करणारी आधुनिक संकेतयोजना व पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग यांचा त्यांत समावेश आहे.

पहिल्या टप्प्यात एक सामाजिक प्रश्नही सोडवावा लागला. रुळांपासून काही फुटांवर झोपड्या असल्याने काही भागांत गाड्यांना ताशी १५ किमी. एवढ्या मंद वेगाने जावे लागे. रहिवाशांच्या संघटनांना सहभागी करून त्यांतील सु. ६० हजार लोकांचे अन्यत्र पुनर्वसन करण्यात आले. कुटुंबांची गणना व स्थलांतराची आखणी स्वतः रहिवाशांनी केल्याने या पुनर्वसनाचा दाखला इतरत्रही दिला जातो. नव्या वसाहतींतून कामाचे ठिकाण लांब पडणे, ही त्याची उणी बाजू होती.

वार्षिक कामगिरी : १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक देशाच्या अंदाजपत्रकाहून स्वतंत्र मांडले जाई. ही प्रथा २०१७ मध्ये संपली. कोणत्याही रेल्वेची वर्षाची कामगिरी सामान्यतः प्रवासीसंख्या, उत्पन्न, फेऱ्या व वक्तशीरपणा यांवरून मोजली जाते. पहिल्या व तिसऱ्या कसोटीवर मुंबईची उपनगरी रेल्वे जगातील अतिव्यस्त व्यवस्थांत गणली जाते. वर्षाला अडीचशे कोटींच्या आसपास प्रवास व दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या ही तिची २०२० पूर्वीची पातळी होती. उत्पन्नाच्या कसोटीवर मात्र चित्र उलटे दिसते. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे पाच रुपये असून बहुसंख्य प्रवासी मासिक वा त्रैमासिक पास काढतात. मासिक पासाची किंमत सु. पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकीच असल्याने महिनाभर रोज ये-जा करणाऱ्यास तो अतिशय स्वस्त पडतो. भाडे अल्प ठेवल्यानेच अल्प उत्पन्नाच्या माणसास ६०-७० किमी. दूर राहून मुंबईत नोकरी करणे शक्य होते. परंतु याच कारणाने उपनगरी सेवा तोट्यात चालते आणि तिच्या विस्तारासाठी तिच्याच उत्पन्नातून पैसा उभा राहत नाही.

वक्तशीरपणाची नोंद अखेरच्या स्थानकावरील वेळेवरून होते. मधल्या स्थानकावर गाडीत शिरता न आलेल्या प्रवाशाची नोंद तीत येत नाही. वर्षातील कामकाजाचे चक्रही ठराविक आहे. रूळ, तारा व संकेतयंत्रणा यांच्या दुरुस्तीसाठी रविवारी काही मार्ग काही तास बंद ठेवले जातात, त्यास ‘मेगाब्लॉक’ म्हणतात. पावसाळ्यापूर्वी नाले व गटारे साफ केली जातात, तरीही अतिवृष्टी व समुद्राची भरती एकाच वेळी आल्यास सायन, कुर्ला यांसारख्या सखल भागांत रूळ पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा संपूर्ण सेवा कोलमडली व लक्षावधी लोकांना पाण्यातून पायी घर गाठावे लागले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात बाँबस्फोट होऊन पावणेदोनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले; तथापि दुसऱ्या दिवशीच गाड्या पुन्हा धावू लागल्या. सेवा सर्वांत दीर्घकाळ बंद राहिली ती कोव्हिड महामारीत. २३ मार्च २०२० पासून ती सर्वसामान्यांसाठी थांबली. १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांना मुभा मिळाली आणि इतरांवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले.

अपघात व सुरक्षितता : या रेल्वेच्या वार्षिक ताळेबंदातील सर्वांत गंभीर नोंद मृत्यूंची आहे. रूळ ओलांडताना गाडीखाली येणे, धावत्या गाडीतून पडणे, दाराशी लोंबकळताना खांबावर आदळणे आणि फलाट व गाडी यांमधील फटीत सापडणे ही त्यांची मुख्य कारणे होत. २०१३ मध्ये असे मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास होते. २०१९ पर्यंत ते सु. २,७०० पर्यंत उतरले. २००५ ते २०२४ च्या मध्यापर्यंतची बेरीज ५१ हजारांहून अधिक आहे. गाड्यांची टक्कर वा रूळ घसरणे अशा मोठ्या दुर्घटनांचा यांतील वाटा अत्यल्प आहे. हे मृत्यू एकेकटे व रोज घडतात, त्यामुळे त्यांची दखल अपघात म्हणून क्वचितच घेतली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नी वेळोवेळी रेल्वे प्रशासनास निर्देश दिले. त्यानंतर फलाटांची उंची वाढविणे, पादचारी पूल व सरकते जिने उभारणे, रुळांलगत भिंती बांधणे आणि रस्त्यावरील फाटके बंद करून उड्डाणपूल करणे या कामांना गती आली. दिवा येथील फाटकासारख्या ठिकाणी रस्त्यावरील वाहनांसाठी गाड्या अडून राहत. २ जानेवारी २०१५ रोजी विस्कळित सेवेमुळे दिव्यात प्रवाशांचा उद्रेकही झाला.

गर्दीचा धोका गाडीपुरता मर्यादित नसतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण मरण पावले. हे स्थानक गिरण्यांच्या वस्तीसाठी बांधलेले होते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, पूल मात्र पूर्वीचाच राहिला. त्यानंतर लष्कराच्या साहाय्याने तेथे नवा पूल बांधण्यात आला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर दोन गाड्यांच्या दारांशी उभे असलेले प्रवासी खाली पडले व त्यांतील काही दगावले. त्यानंतर वातानुकूलित नसलेल्या नव्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले.

बंद दारांचा उपाय वरकरणी सोपा वाटतो. परंतु त्यात दोन अडचणी आहेत. खच्चून भरलेल्या डब्यात हवा खेळती राहिली पाहिजे, आणि दारे बंद होण्यास लागणारा वेळ प्रत्येक स्थानकावर वाढून तीन मिनिटांचे अंतर सांभाळले गेले पाहिजे. देशातील पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर सुरू झाली. तिचे भाडे मे २०२२ मध्ये एकेरी प्रवासासाठी निम्म्याने कमी केल्यावर प्रवासी वाढले. मात्र साध्या फेरीच्या जागी वातानुकूलित फेरी आणल्यास साध्या पासाचे प्रवासी मागे राहतात. या कारणावरून ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा व बदलापूर येथे निदर्शने झाली. वातानुकूलित गाड्यांविषयीचा वाद मूलतः मर्यादित फेऱ्या कोणाच्या वाट्याला याव्यात याविषयीचा आहे. स्त्रियांच्या बाबतीत हाच प्रश्न राखीव डब्यांनी व ५ मे १९९२ पासून चर्चगेट–बोरीवली मार्गावर सुरू झालेल्या महिला विशेष गाडीने अंशतः सोडविण्याचा प्रयत्न झाला.

भावी दिशा : २०१४ मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, २०२२ मध्ये पश्चिम उपनगरांतील उन्नत मार्ग व २०२५ पर्यंत कफ परेडला पोहोचणारा भुयारी मार्ग तिला येऊन मिळाला. उपनगरी रेल्वेचे मार्ग मुख्यत्वे दक्षिणोत्तर असल्याने पूर्व-पश्चिम प्रवासाची उणीव मेट्रो भरून काढते. तथापि कल्याण, विरार वा पनवेलपलीकडून येणाऱ्या दूरच्या प्रवाशाला लोकलखेरीज परवडण्याजोगा पर्याय नाही. वांद्रे-कुर्ला संकुल व नवी मुंबई येथे रोजगार विखुरल्याने एकतर्फी ओघ काहीसा सैल झाला असला, तरी घरांच्या किंमती प्रवाशाला दरवर्षी आणखी दूर नेतात. म्हणून या रेल्वेची वाढ रूळ व डबे यांच्या संख्येइतकीच शहराच्या गृहनिर्माणाच्या व कार्यालयांच्या स्थाननिश्चितीच्या धोरणावर अवलंबून आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना स्वतंत्र रूळ देणे, सर्व फलाट पंधरा डब्यांना पुरतील इतके लांब करणे आणि बंद दारांच्या गाड्या सामान्य भाड्यात उपलब्ध करणे ही तिच्यापुढील निकडीची कामे होत. ती पूर्ण झाल्यावर रोजच्या प्रवासातील मृत्यूंची संख्या किती घटते, हीच या रेल्वेच्या वार्षिक कामगिरीची खरी कसोटी ठरेल.